न तुटणारं हाडूक

धाकटा कवळ्या बनवायचा. थोरलाही तेच करायचा. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू या दोघांच्या बाकावर घासून निघालं होतं. नाव मात्र झालं दातांच्या डॉक्टरांचं. कवळ्या घासताना उडणारी भुकटी नाकात घेणाऱ्याचं नाव कुठल्या पाटीवर असतं?

थोरला गेला तो बाकावरच, हातातलं काम टाकून. दुसऱ्या दिवशी धाकट्याने त्याची अर्धवट राहिलेली कवळी पुरी करून पाठवली. रडला नाही. लोक म्हणाले, दगड आहे. त्यालाही तसंच वाटलं, आणि वाटलं तेही लांबूनच.

सुतक धरलं ते गुंड्याने, थोरल्याच्या कुत्र्याने. त्याने बाकाचा पाय कुरतडला, मग वायर आणि शेवटी प्लास्टरचे साचे. कुणाचा तरी वरचा जबडा गिळून दिवसभर ओकत राहिला.

वहिनी जिन्यातूनच बोलली. थोरला गेल्यापासून तिने कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतं.

"भाऊजी, जमत नसेल तर सांगा. माझी बहीण न्यायला तयार आहे, तिच्याकडे अंगण आहे. ह्यांचं एवढंच उरलंय, ते तुमच्या बाकाखाली मरायला नको."

"जमेल," तो म्हणाला.

भावांची एक रीत होती. नवा माल आला की त्याची एक कवळी करायची आणि फरशीवर सोडायची. तडकली तर सगळा माल परत. गुंड्याला चावायला काही घ्यावं म्हणून तो कुत्र्यांच्या खेळण्यांच्या दुकानात गेला, तिथेही त्याने तेच केलं, एकेक नकली हाडूक उचलून खाली आपटलं.

"काका, कुत्र्याला घेताय की कुणाच्या डोक्यात घालायला?" दुकानदार ओरडला.

जे खणकन वाजून शाबूत राहिलं, ते त्याने घेतलं.

गुंड्या दिवसभर त्यालाच चावत बसायचा. मग एक दिवस त्याने ताटलीकडे पाठ फिरवली.

"वरची मोठी दाढ उभी चिरलीय," जनावरांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "हाडूक कसंय?"

"एक चरा नाही."

"मग दाढच हरणार ना! काढावी लागेल."

"मी नवी करून देतो. घट्ट बसेल."

बाई हसल्या, आणि त्याचं तोंड बघून थांबल्या. "कुत्र्याला कवळी नसते, काका. पुढचं खेळणं नख रुतवून घ्या. नख रुतलं तरच द्या. तुकडे पडणारं नको, आणि अख्खं तोंडात मावणारं तर अजिबात नको."

त्याने मान हलवली. गुंड्या भुलीत पडला होता. त्याच्या पाठीवर त्याने हात ठेवला, पण हाताला काही कळलं नाही.

दुकानात अंगठा दाबला तेव्हाही कळलं नाही. यंत्राच्या थरथरीने अंगठा कधीच बधिर झालेला, नखं घासून बोटाच्या आत गेलेली. दोन खेळणी, पसंत न पडलेलं परत करायच्या बोलीवर, घेऊन तो घरी आला आणि जिन्याखाली उभा राहिला.

"वहिनी, जरा तुमचं नख लागतंय."

"काय लागतंय?"

"नख. माझी गेली."

ती खाली आली. उंबऱ्यात थांबली, मग आत आली. पहिल्या खेळण्यावर तिने जोर लावला.

"हे तर दगड आहे, तुमच्यासारखं. परत करा."

दुसरं लाल रबराचं कडं होतं. त्यावर नखाची चंद्रकोर उमटली. तिने कडं ताणलं, पिळलं, तुकडा निघत नाही ना पाहिलं, आणि गुंड्याच्या जबड्याला लावून मापलं. "हे गिळता यायचं नाही." बोलता बोलता ती थोरल्याच्या स्टुलावर बसली होती.

गुंड्याने कडं हुंगलं आणि शाबूत बाजूने हळूहळू चावायला लागला.

"बहिणीला काय सांगणार?" त्याने विचारलं.

"अंगणात भाजी लाव म्हणावं."

ती लगेच उठली नाही. गुंड्याने कडं सोडल्यावर त्याने ते उचललं आणि तिने नख लावलं होतं ती जागा अंगठ्याने चाचपली. खूण केव्हाच भरून आली होती. रबर ओलं होतं, एवढं मात्र कळलं.