शेठचा भुऱ्या

"नाटक करते साला!" असं म्हणून तोंडातली दात कोरायची काडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवली, की शेठचं निदान पूर्ण झालं. माणूस असो, बैल असो की कुत्रा, जगातलं प्रत्येक दुखणं शेठच्या लेखी नाटक होतं. खरी होती ती फक्त त्याची स्वतःची सर्दी. ती झाली की दुकान बंद आणि सगळं घर त्याच्या उशाशी.

साकोलीत माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच त्याचं ढेप-चुनीचं दुकान. गुरांचं खाद्य विकतो म्हणून आपल्याला जनावरांतलं कळतं, असा त्याचा पक्का समज. त्या न्यायाने मी रोज खटल्यांच्या कागदांच्या झेरॉक्स काढतो, मला वकील म्हणायला हरकत नव्हती.

भुऱ्या हा त्याच्या गोदामाचा राखणदार, मातकट रंगाचा गावठी कुत्रा. एका हिवाळ्यात त्याचं भुंकणं बंद झालं. शेठने त्याचंही श्रेय घेतलं. "मीनंच शिकवलं. चूपचाप राखण करते आता." गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या.

मग भुऱ्या भाकर तोंडात घ्यायचा आणि तशीच खाली टाकायचा. शेठ म्हणाला, "मटनाची चटक लागली त्याले." लाळ गळू लागली, तर ती हाव. पंजाने सारखं थोबाड घासायचा, पोत्यांवर गाल रगडायचा, तर, "लय सफाईवाला हाय, तोंड पुसते." असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. उत्तर आधीच तयार असल्यामुळे त्याला समोर बघायची तसदी घ्यावी लागत नाही.

"शेठ, त्याचं तोंड दुखून राहिलं असन. डॉक्टरले दाखवा ना," मी म्हटलं.

"तुमी झेरॉक्स काढा ना भाऊ! दुखलं असतं तं रडला नसता का?"

बस. शेठची सगळी विद्या या एका वाक्यावर उभी होती.

वर त्याने उपायही काढला. दर रविवारी हाडं. चावल्याने जबडा मजबूत होतो म्हणे. भुऱ्या मान खाली घालून, शेपूट पोटात घेऊन मागे सरायचा आणि शेठ हाड पुढे ढकलायचा. एका रविवारी त्याने जबडा धरून हाड कोंबायला घेतलं, तेव्हा भुऱ्याने त्याच्या हाताला दात लावले.

झालं! शेठने सगळा बाजार डोक्यावर घेतला. "बेइमान निघाला! उद्या गाडीत टाकतो न नागझिऱ्याच्या जंगलात सोडून देतो."

नको झालेल्या कुत्र्याची आमच्याकडची ही ठरलेली सोय. जंगलाच्या कडेला गाडी थांबवायची, फळकं उघडायचं, कुत्रा उतरवायचा आणि मागे न बघता परत यायचं. पुढचं बिबट्या बघून घेतो. हात स्वच्छ ते स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी टेम्पो दाराशी लागला, तेव्हा मी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊनच आलो. भुऱ्यासाठी शेठ थांबला नसता, म्हणून मी म्हटलं, "तुमाले चावला ना? पिसाळला नसन, ते तं पाहू द्या." स्वतःच्या जिवाची गोष्ट निघताच शेठ थांबला.

डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन तोंड उघडलं. वरच्या दाढांच्या मध्ये, टाळूवर आडवा, हाडाचा तुकडा रुतून बसला होता. भोवती पू. वासानेच शेठ दोन पावलं मागे गेला.

"लय दिवसांचं हाय हे," चिमट्याने तुकडा ओढून काढत डॉक्टर म्हणाले. "कुत्र्याले दुखलं का तो रडतेच असं नाही, शेठ. चूप होते, खात नाही, हात लावू देत नाही. पिसाळल्यासारखा दिसत नाही, पण त्याच्यावर लक्ष ठेवा. अन् तुमची सुई आजच घ्या."

त्या सुईच्या वेळी शेठ इतका ओरडला, की बाहेरच्या लोकांना वाटलं आत कोणाचा तरी पाय कापताहेत.

शेठ हाताला पट्टी बांधून परतला, तेव्हा भुऱ्या शुद्धीवर येत होता. तो धडपडत उठला, सरळ शेठकडे गेला आणि ती पट्टी चाटू लागला. खरं सांगतो, त्या क्षणी मला शेठपेक्षा भुऱ्याचा जास्त राग आला. एवढी माया, आणि कोणावर! शेठ मात्र मटकन पोत्यावर बसला आणि लेकरासारखा रडला. त्याच्याच नियमाने बघितलं, तर त्याला पहिल्यांदाच कुठेतरी खरं दुखत होतं.

तो सुधारला, असं मात्र समजू नका. त्यानंतर तो कुत्र्यांचा तज्ज्ञ झाला. बाजाराच्या दिवशी दिसेल त्याला गाठून दुखणं कसं ओळखावं यावर भाषण द्यायचा, जणू डॉक्टरांना त्यानेच शिकवलं होतं. पण भुऱ्याला रोज स्वतः जमिनीवर बसून दूधभात कुस्करून भरवायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हा नाही म्हणता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात शेठ गेला. तेरवी झाली, मुलाने दुकान उघडलं. भुऱ्या दूधभाताला तोंड लावेना, भुंकेना, कोणाला जवळ येऊ देईना.

"काका, पुन्हा काही अडकलं असन का जी?" मुलगा घाबरून म्हणाला.

डॉक्टर आले. मी बॅटरी धरली. दाढा, टाळू, जीभ, घसा, सगळं नीट पाहिलं.

तोंड स्वच्छ होतं.