टाकीवरचा हात

आमच्या गल्लीतला मेकॅनिक ख्रिश्चन आहे. गाडी कुणाचीही असो, आधी पेट्रोलच्या टाकीवर हात ठेवून डोळे मिटतो, मगच पाना उचलतो. मला घाई असली की मी वैतागायचो.

गेल्या महिन्यात त्याच्या घरची प्रार्थना शिव्या देऊन बंद पाडणारा माणूस परवा माझ्यासमोरच गाडी ढकलत आला. मी म्हटलं, "ह्याला दारात उभा करू नका."

"का वो? ब्रेक गेलाय की त्याचा."

मेकॅनिकनं तसाच टाकीवर हात ठेवला, डोळे मिटले.

तो माणूस गेल्यावर मी विचारलं, "देवाकडं मागता तरी काय?"

"गाडीवाला सुखरूप घरला पोचू दे. सगळ्यांसाठी त्येच की!"

एवढी वर्षं मी माझ्या हुशारीनं घरी पोचतोय, असंच समजत होतो.