वत्सलाताई सूर निवडतात तेव्हा

वत्सलाताईंची पहिली भेट झाली तेव्हा मी भूमजवळच्या ईट गावच्या शाळेत नव्यानेच शिक्षिका म्हणून रुजू झाले होते. स्नेहसंमेलन तोंडावर आले होते. मुलींचा नाच बसवायचे काम, नवीन म्हणून, माझ्या गळ्यात पडले. धाराशिवला एक बाई नृत्य शिकवतात, एवढेच कुणीतरी सांगितले. एसटीने जाऊन मी त्यांचे घर शोधून काढले. घरामागे शहाबादी फरशीची लांबट खोली होती, कोपऱ्यात टेपरेकॉर्डर, आणि त्याच्याजवळ सुती साडीतल्या, जाड चष्म्याच्या ताई. मी म्हटले, "मला थोड्या स्टेप्स दाखवा. मी त्या मुलींकडून करून घेईन."

"स्टेप्स मग बघू," त्या म्हणाल्या. "आधी तुम्ही उभ्या राहा. मी काहीतरी लावते. वाटेल तसं हला. वाटलं न्हाय तर नुसत्या उभ्या राहा."

त्यांनी सतारीची एक द्रुत गत लावली. मी पदर खोचून खांबासारखी उभी राहिले. आमच्या घरात बायकांनी वरातीतसुद्धा नाचायची पद्धत नव्हती. आता या बाई काहीतरी बोलणार, अशी माझी खात्री झाली. ताईंनी टेप बंद केला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमचं काही चुकलं न्हाय. मीच चुकीचं लावलं."

मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझा श्वास कसा चालला आहे ते त्या बघत होत्या, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्यांनी दुसरी कॅसेट काढली. खालच्या पट्टीतली, अगदी संथ बासरी होती. आधी माझा डावा खांदा मागे गेला, मग मान वळली, मग पाय फरशीवरून घसरत पुढे निघाला. बासरी थांबली तेव्हा मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथवर कशी पोचले, ते मला आजही सांगता येत नाही.

त्या दिवशी मी ताईंची झाले. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात लिहिताना प्रथम आठवतो तो त्या खोलीचा पलीकडचा कोपरा.

ताईंचे मूळ शिक्षण कथकचे, सोलापूरला झालेले. लग्नानंतर त्या धाराशिवला आल्या आणि अनेक वर्षे त्यांनी मुलींना रीतसर नृत्य शिकवले. पण जाणकारांना त्यांचे नाव माहीत आहे ते शनिवार दुपारच्या वर्गासाठी. या वर्गात काहीच बसवलेले नसते. काय वाजणार हे नाचणारीला ठाऊक नसते. जे ऐकू येईल त्याला तिने अंगाने उत्तर द्यायचे. ऐकायला हे सोपे वाटते. खरी परीक्षा असते ती संगीत निवडणाऱ्याची.

नवीन मुलींना ताई शब्द असलेले गाणे कधीच लावत नसत. मी कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "शब्द आले की अंग शब्दांचंच ऐकतं. पाखरू म्हटलं की दोन्ही हातांचे पंख होतात. मग त्या पोरीचं स्वतःचं काय राहिलं?" एकदा मी एक सारंगीची ध्वनिफीत मोठ्या हौसेने नेली. ताईंनी ती डोळे मिटून ऐकली, पुन्हा ऐकली आणि कपाटात ठेवून दिली. महिनाभर ती बाहेर आली नाही. मला वाटले, आवडली नसावी. शेवटी धीर करून विचारले, तर म्हणाल्या, "लई आवडली गं. म्हणूनच ठेवली. आत्ता लावली तर मी नाचणारीकडं बघणार न्हाय, सारंगीच ऐकत बसेन."

आपल्याला आवडलेले दुसऱ्यावर लादण्यात केवढे सुख असते, हे शिक्षकाइतके कुणाला माहीत असणार? ते सुख ताईंनी सहज बाजूला ठेवलेले मी जन्मभर पाहिले.

वर्ग संपायला उशीर झाला की माझी भूमची गाडी चुकायची. मग मुक्काम ताईंकडे. त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, दार उघडतानाच म्हणत, "चुकली का गाडी? बरं झालं. पिठलं जास्तीचंच केलंय." त्या घरात मला कधी पाहुणी म्हणून वागवले गेले नाही. पोळ्या लाटायला ताई मलाच बसवत.

तेरखेड्याच्या नंदाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. फटाक्यांच्या कामावर जाणारी तिची आई तिला घेऊन आली तेव्हा नंदा दहा-अकरा वर्षांची असेल. घराजवळ फटाक्यांच्या दारूचा भडका उडालेला तिने पाहिला होता. अंगाला इजा नव्हती, पण तेव्हापासून कुठे ढोल, ताशा, नुसते पातेले पडले तरी ती कानांवर हात ठेवून खाली बसायची. आई म्हणाली, "शाळेत बी जाईना झाली. लोक म्हणतात, नाचात घाला, भीती जाईल. पर नाचात तर ढोलकीच वाजती. म्या काय करू बाई?"

"ढोलकी न्हाय वाजणार," ताई म्हणाल्या.

आणि खरोखरच वाजली नाही. शनिवारच्या वर्गातून तबला, पखवाज, टाळ सगळे गेले. राहिले तंबोरा, बासरी, व्हायोलिन. मोठ्या मुली कुरकुरल्या. एक जण बोललीच, "एका पोरीसाठी सगळ्यांनी ठेक्याशिवाय नाचायचं का?" ताई म्हणाल्या, "तुमच्या पायात हाय की ठेका. तो ऐका." दोन-तीन मुलींनी वर्ग सोडला. ताईंनी त्यांना अडवले नाही आणि तबलाही परत आणला नाही.

दिवाळी आली, गेली. उन्हाळा आला. एका शनिवारी व्हायोलिनवर नाचता नाचता नंदाने फरशीवर जोरात पाय आपटला. आम्ही सगळ्या दचकलो. तीही क्षणभर थांबली, हात कानांकडे निघालेले आम्हाला दिसले. पण ते मध्येच थांबले. तिने दुसरा पाय आपटला, मग पुन्हा पहिला. सगळी खोली दणाणली. ताई जागच्या हलल्या नाहीत, त्यांनी शाबासकीही दिली नाही. व्हायोलिन संपल्यावर नंदाच त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "ताई, आता तबला लावा. हळू लावा, पर लावा." त्या दिवशी ताईंकडे बघताना मनात आले, एवढी वाट माणूस कशाच्या बळावर बघू शकतो?

काही वर्षांपूर्वी एका सकाळी ताईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर अण्णांचा फोन आला. "मीना, ती व्यायाम करू देईना. रेडिओ लावला तर हातानं नको म्हणती. डॉक्टर म्हणतात, आत्ता हालचाल झाली न्हाय तर पुढं अवघड. तू ये."

मी गेले. आता निवडायची पाळी माझी होती आणि समोर नाचणाऱ्या होत्या खुद्द ताई. पहिल्या दिवशी मी त्यांच्या ऐन उमेदीतल्या कार्यक्रमांत वाजलेले संगीत लावले. जुन्या आठवणींनी त्या उभारी धरतील, असे मला वाटले. ताईंनी डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवले. मी ते बंद केले. म्हटले, "ताई, मी चुकीचं लावलं."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी मी काहीच लावले नाही. पलंगाजवळ बसून त्यांचा श्वास ऐकत राहिले. तो एकसारखा चालत नव्हता. एक लांब, एक तोकडा, मध्येच अडायचा, पुन्हा सुरू व्हायचा. असे अडखळणारे संगीत मला माझ्या संग्रहात कुठेच सापडेना, कारण आपण जपून ठेवतो ते सगळे सफाईदार असते. मग फोनमधले एक ध्वनिमुद्रण आठवले. जळकोटला एका लग्नात सनईवादक वाजवायला सुरुवात करण्यापूर्वी सनई सुरात लावून बघत होते, तेवढेच मी सहज टिपले होते. ते सनईच्या तोंडाची पत्ती ओली करत, एक सूर फुंकत, सोडून देत. पुन्हा जरा खालून घेत. कुठे जायचे ते अजून ठरलेले नव्हते.

तेच मी लावले. थोड्या वेळाने ताईंची डावी तर्जनी चादरीवर सरकली. सनई थांबली, तीही थांबली. मग त्यांनी डाव्या हाताने उजवे मनगट धरले आणि तो निर्जीव हात उचलून छातीपर्यंत आणला. सूर टिकला तोवर तिथे धरला, सूर सुटला तसा अलगद खाली ठेवला. पुन्हा उचलला. दारात अण्णा चहाचा पेला घेऊन उभे होते. ते आत आले नाहीत, मागेही गेले नाहीत. मी अनेक मोठी नृत्ये पाहिली आहेत. त्या पलंगावर पाहिले तसे दुसरे पाहिले नाही.

ध्वनिमुद्रण संपले. ताईंचे ओठ बराच वेळ हलले आणि एक शब्द उमटला. "परत."

त्या हिवाळ्यात आम्ही ते रोज लावले. हळूहळू त्यांनी व्यायाम करून घेणाऱ्यालाही जवळ येऊ दिले. आज ताई काठीच्या आधाराने चालतात. उजवा हात खांद्यापर्यंत जातो. बोलणे सावकाश आहे, पण पुरेसे आहे. शनिवारचा वर्ग पुन्हा भरतो आणि संगीत पुन्हा त्याच निवडतात.

परवा मुलींनी हट्ट धरला म्हणून त्या स्वतः खुर्चीत बसल्या बसल्या नाचल्या. मी व्हायोलिन लावले होते. ते संपले तेव्हा त्यांचा उजवा हात वर चाललेला होता, तो तसाच थांबला. एका लहान मुलीने विचारले, "ताई, अजून वाजलं असतं तर तुम्ही पुढं काय केलं असतं?"

ताई सावकाश म्हणाल्या, "मला बी... तेच बघायचं होतं."

ते आम्हा सर्वांनाच बघायचे आहे. त्यासाठी ताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, अण्णांची सोबत लाभो, आणि त्यांचा हात जिथवर जायचा असेल तिथवर सूर वाजत राहोत.