आठ म्हणजे आठ!

स्वतःच्या शहरात मी आयुष्यात एकदाच हरवले, आणि त्या दिवशी वाट दाखवणारी मीच होते.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही सानपाड्याला, सेक्टर आठमध्ये राहायचो. वडील बाजारात माथाडी, आई घरात आणि मी चळवळीत. म्हणजे मी पत्रकं काढायचे. पहिलं पत्रक नळाच्या पाण्यावर होतं, दुसरं 'सेक्टरना आकडे नकोत, नावं द्या!' असं होतं आणि तिसऱ्याने माझं वाटोळं केलं. त्याचं शीर्षक होतं, 'आपलं शहर पाहुण्यासारखं नको, मालकासारखं बघा!!!' (छापखानेवाला म्हणत होता, एका उद्गारचिन्हात भागवा. पण मी तडजोड करणाऱ्यांतली नव्हे!)

त्याच आठवड्यात साताऱ्याहून आत्या आली, सोबत तिची मुलगी सुषमा. सुषमा बारावीला शाळेत पहिली आलेली. आमच्याकडे राहून कॉलेज करायचं हे तिचं एकमेव स्वप्न, आणि होकार द्यायचा होता आत्याने. आत्याने तर चप्पल काढता काढताच निकाल दिला.

"न्हाई ठेवायची. समद्या बिल्डिंगा एका साच्यातनं काढल्यागत. पोरगी चुकली म्हंजे?"

माझं डोकंच फिरलं. "आत्या, हा आमच्या शहराचा अपमान आहे! मला उद्याचा एक दिवस दे. मी तुला शहर दाखवते. माहितगार माणसासोबत बघितलंस की कळेल."

"दिला. पसंत पडलं तर पोरगी हितं, न्हाईतर सांजच्या एस्टीत."

सुषमाने माझ्याकडे असं बघितलं, जणू तिचा पेपर आता मी लिहिणार होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाडी बघायला निघालो. खाडीवर रोहित पक्षी येतात हे मला ठामपणे माहीत होतं. खाडी नक्की कुठून गाठायची, हे तितकंसं ठाम नव्हतं. दोन चौक ओलांडल्यावर सुषमा हळूच म्हणाली, "नंदाताई, त्या पानवाल्याला विचारू का?"

"पत्रक आहे ना हातात? दुसरं कलम वाच."

तिने वाचलं, "'मालक स्वतःच्या घरात वाट विचारत नाही!'"

"मग?"

"मग नाही विचारत," सुषमा म्हणाली. (फार गुणी मुलगी.)

अर्धा तास चाललो. पिवळी बिल्डिंग, पाण्याची टाकी, क्लासेसची पाटी. पुन्हा पिवळी बिल्डिंग, पाण्याची टाकी, क्लासेसची पाटी.

"नंदे, ह्ये शाळंचं फाटक मगाशी गेलं नव्हं?"

"ते वेगळं, आत्या."

"आन् ह्ये कुत्रं? आता वळखाया लागलंय मला!"

कुत्र्याने शेपूट हलवून साक्ष दिली. मग मात्र मी इरेला पेटले. आता कुठेच वळायचं नाही, सरळ जायचं, असा ठराव मी एकमताने (माझ्याच) मंजूर केला. दोन तास आम्ही सरळ गेलो. सुषमा वाटेत दोनदा पाट्यांकडे बोट दाखवून काहीतरी सांगू बघत होती. मी तिला बोलू दिलं नाही. आणि अखेर खाडी आली! पक्षी मात्र एकच होता आणि तो कावळा होता.

"चिखूल बगाया सातारा सोडला व्हय मी?"

"आत्या, ही पाणथळ जमीन आहे!"

"आमच्यात हिला चिखूलच म्हणत्यात."

एस्टीची वेळ जवळ येत चालली होती. आता आत्याला निदान घरचा चहा पाजून थंड करायला हवं होतं. मी रिक्षा थांबवली. "सेक्टर आठ."

"कुठला आठ, मॅडम?"

"कुठला म्हणजे? आठ म्हणजे आठ! मी इथलीच आहे, मला फिरवायचं काम नाही!"

"बसा," असं म्हणून त्याने दहा मिनिटांत आम्हाला आमच्या पिवळ्या बिल्डिंगसमोर उतरवलं.

"बघितलंस, आत्या? ठणकावलं की कसे सरळ नेतात! उगाच दोन तास चाललो आपण."

तिसरा मजला, डावीकडचं दार. नेहमीप्रमाणे उघडंच. आई शेजारी गेली असणार. आत्याला खुर्चीत बसवलं.

"वहिनीनं पडदं कवा बदाललं गं?"

"हौशी आहे आई."

"आन् टीव्ही ह्या अंगाला?"

"उजेड येतो त्या बाजूने." (चूक कुणाचीही असो, बाजू घेतली की शेवटपर्यंत लढवायची, ही चळवळीची शिस्त!)

"ताई, मला वाटतं आपण..."

"तू बस गं, सुषमा!"

मी गॅसवर आधण ठेवलं. साखरेचा डबा उघडला, तर आत सुका जवळा! आईच्या या कारभाराचा जाहीर निषेध करायला मी वळले, तर दारात भाजीची पिशवी घेतलेली एक अनोळखी बाई.

"कोन गो बाय तुमी?"

"तुम्ही कोण? आणि आमच्या घरात कशा शिरलात?"

बाईने पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, आधणाकडे बघितलं. "तुमचा घर? मंग मलापन घोटभर टाक."

माझा आवाज जरा खाली आला. "हा सेक्टर आठच ना?"

"आठच हाय. पन नेरूलचा."

सानपाड्याला एक आठ, नेरूळला दुसरा. आमच्या शहरात प्रत्येक उपनगराचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. सुषमाने शांतपणे आपल्या पिशवीतून मीच दिलेलं माझं दुसरं पत्रक काढलं आणि वाचलं, "'एकाच शहरात इतके सेक्टर आठ! उद्या माणूस हरवला तर जबाबदार कोण?'" मग मान वर केली. "कोण, ताई?"

त्या माउलीने आम्हा सगळ्यांना चहा पाजला. (साखर मिठाच्या डब्यात होती.) मग सुषमा खाली उतरली, फुलवालीला वाट विचारली, एका कंडक्टरला विचारली, आणि अर्ध्या तासात तिने आम्हाला सानपाड्याच्या आमच्या दारात उभं केलं. पडदे जुनेच होते.

आत्या आपलं सामान बांधू लागली. माझा सगळा जोर संपला होता. "आत्या, चूक माझी आहे. त्याची शिक्षा सुषमाला देऊ नकोस. तिला राहू दे."

"ऱ्हानारच हाय ती."

"म्हणजे शहर पसंत पडलं?"

"शहर ऱ्हाऊ दे बाजूला. हिला न्हेली, तर तुला रोज घरी कोन आनील?"

सुषमा राहिली. माझं चौथं पत्रक 'बिनधास्त वाट विचारा!' या नावाने निघालं, एकाच उद्गारचिन्हात. खाली मी पत्ता लिहिला होता, 'सेक्टर आठ'. सुषमाने छापखान्यात जाऊन त्यापुढे 'सानपाडा' घातलं आणि कंसात लिहिलं, 'नंदाताईंना विचारू नये'.