केळीच्या घडाला पीपीई किट

दोनशे पांढरे कव्हरऑल मी चुकीच्या मापाचे मागवले. त्या दिवसापासून कंपनीत माझ्याकडे बघून लोक गालातल्या गालात हसायला लागले, ते बरेच महिने हसत होते.

जळगावच्या एमआयडीसीत पिकांवर फवारायच्या औषधांची भुकटी बनवणारी आमची कंपनी आहे आणि मी तिथे सेफ्टी ऑफिसर आहे. भुकटी अंगाला लागू नये म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाने डोक्यापासून घोट्यापर्यंत हा पांढरा अंगरखा चढवायचा, बाहेर आल्यावर काढून वेगळ्या पिंपात टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी नवा घ्यायचा. करोनापासून सगळं जग त्याला पीपीई किट म्हणतं. नाव मोठं झालं, पण घालणाऱ्याचा राग काही कमी झाला नाही. आणि त्यात जळगावचा मे महिना. त्या दिवसांत इथे नुसता बनियनसुद्धा जड वाटतो.

सगळ्यात जास्त कुरकुर आमच्या नानांची. नाना शिंदखेड्याकडचे, मिक्सर चालवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. पोट अंमळ पुढे. ते रोज चेन गळ्यापर्यंत ओढायचे आणि माझ्याकडे पाहून म्हणायचे, "भाऊ, हाऊ सूट शे का इडलीनं भांडं? मी बठ्ठा शिजी ऱ्हायनू आतमा."

शिजणं एक वेळ परवडलं असतं, पण सूट फाटायचेही. नाना पोतं उचलायला खाली वाकले की मागून टर्रकन आवाज यायचा आणि पूर्ण विभाग काम थांबवून बघायचा. एका दुपारी तीन वेळा टर्रकन झालं. मला चिडायला फार वेळ लागत नाही. आई म्हणते, मी जन्मलो तोच कपाळाला आठ्या घालून. मी तिरीमिरीत ऑफिसात गेलो आणि पुढच्या मालाच्या मागणीत मापाच्या रकान्यात जे सगळ्यात मोठं माप दिसलं ते लिहून टाकलं. म्हटलं, आता फाटू दे बघू.

दिवाळीनंतर माल आला. पहिला सूट नानांनाच घातला. नाना त्यात दिसेनासे झाले. बाह्या गुडघ्यापर्यंत, पायांचं कापड मागे फरफटत होतं, आणि टोपी हनुवटीपर्यंत. आतून आवाज आला, "भाऊ, आतमा आखो जागा शे. भाडेकरू ठेवू का?"

विभागात जो हशा पिकला तो मी अजून विसरलेलो नाही. वाईट म्हणजे, इतका ढगळ कपडा फिरत्या यंत्राजवळ घालायचा नाही हा नियम मीच भिंतीवर चिकटवलेला होता. पुरवठादार माल परत घेईना. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, शांतपणे दोन वाक्यं ऐकवली आणि तिसरं वाक्य असं की, "घरी ने, वाट्टेल ते कर, पण हे खोके माझ्या डोळ्यांसमोरून हलव."

आमचं घर यावलजवळच्या एका गावात. तिथे माझ्या वडिलांची, आबांची, केळीची बाग आहे. मी शेती सोडून नोकरीला लागलो याबद्दल आबा कधी मोठ्याने बोलले नाहीत, पण घरी पाहुणे आले आणि पोरगा काय करतो असं कोणी विचारलं, की आबा माझ्यादेखत "जळगावले असतो" एवढंच म्हणायचे आणि लगेच विजेच्या वेळापत्रकावर यायचे. माझ्या नोकरीविषयी बोलण्यासारखं त्यांच्याजवळ काही नाही, असंच मी धरून चाललो होतो. मला त्याचं वाईट वाटायचं. चाळिशीला आलेल्या माणसाने असल्या गोष्टीचं वाईट वाटून घेऊ नये, पण वाटायचं.

त्या रविवारी घरी गेलो तर आबा ओट्यावर डोकं धरून बसलेले. थंडी अचानक वाढली होती. थंड वाऱ्याने केळीच्या सालीवर काळे डाग पडतात आणि मग व्यापारी घडाकडे ढुंकून बघत नाही. म्हणून निसवलेल्या, म्हणजे झाडातून बाहेर पडलेल्या घडाला पांढऱ्या कापडी पिशव्या घालतात, त्याला आमच्याकडे स्कर्टिंग बॅग म्हणतात. यंदा सगळ्यांना एकदमच जाग आली होती. यावल, फैजपूर, सावदा, कुठल्याही दुकानात पिशवी शिल्लक नव्हती.

"दोनशे घड उघडे हायेत," आबा म्हणाले. "आजची रात जाईन, उद्याची नही जायाची."

मी शेजारच्या बागेतली एक पिशवी चिमटीत धरून पाहिली. तेच कापड. तेच, न विणलेलं, कागदासारखं, हवा खेळू देणारं. आयुष्यात मला एकच चांगली कल्पना सुचली असेल तर ती त्या क्षणी. मी मित्राची गाडी घेऊन तसाच जळगावला आलो आणि संध्याकाळच्या आत सगळे खोके अंगणात उतरवले.

आबांनी एक सूट उलगडून हातभर लांब धरला. बराच वेळ पाहिला. "इतके कोनं देल्ले?"

इथे मी खरं सांगायला हवं होतं. पण आबांच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं, कौतुकाच्या जवळपासचं. माझी जीभ वळली. म्हटलं, "साहेबांनी दिले. माझं काम पाहून."

यातला शब्द न् शब्द खरा होता. कोणतं काम, ते मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी बागेत. आई, आबा, मी आणि शेजारचे दोघं असे कामाला लागलो. घडाला सूट घालायची पद्धत आबांनी पहिल्या पाच मिनिटांत बसवली. खालून वर चढवायचा, टोपीचं इलॅस्टिक वर दांड्याला बसवायचं, पोटावरून चेन ओढायची, बाह्या पुढे घेऊन गाठ मारायची, पाय एकमेकांना बांधायचे. नानांना तीन जणांएवढा झालेला सूट घडाला असा बसला की जणू शिंप्याने माप घेऊन शिवलाय.

आबा हळूहळू त्यात रमले. एखादा घड वाऱ्याने हलला की "हालू नको रे, हालू नको, झालंच," असं पुटपुटायचे. चेन लावताना सालीला ओरखडा येऊ नये म्हणून आतून बोट धरायचे. माझ्या शर्टाचं बटण आबांनी कधी लावून दिल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी मला केळीच्या घडांचा हेवा वाटला, हे मी कबूल करतो. आईच्याही ते ध्यानात आलं असावं. ती म्हणाली, "पोरं लहान होती तंव्हा कुठी गेलती हो तुमची ही माया?" आबा म्हणाले, "पोरं कुठी उभे राह्यत होते एका जागी?"

संध्याकाळी दोनशे घड तयार झाले. मी बांधावरून पाहिलं. दोनशे पांढरी माणसं, पोटं सुटलेली, पाय बांधलेले, हात पुढे जोडलेले, ओळीने झाडांना टांगलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी निंदायला आलेल्या बाया बांधावरूनच परत गेल्या. त्यातल्या एका म्हाताऱ्या अक्काने आधी हात जोडून नमस्कार केला, मग पळ काढला. रस्त्यावरच्या बस आमच्या बागेपाशी आल्या की हळू व्हायच्या. शेजारच्या शेतकऱ्याने येऊन चिंतेने विचारलं, "आबा, केयीले करोना झाला का?" आबा त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

पण थंडी गेली आणि सूट काढले तेव्हा आतला माल बघत राहावा असा होता. व्यापाऱ्याने एक घड चारी बाजूंनी फिरवून पाहिला, दुसरा पाहिला आणि निमूटपणे गाडी बोलावली. मी जळगावात होतो. आबांनी फोन करून सगळं सांगितलं, आणि मी खुशीत असतानाच म्हणाले, "मंग मंगयवारी येतो मी. तुह्या साहेबाचे उपकार मानाले."

साहेब माणूस चांगला, पण हरिश्चंद्राचा सख्खा भाऊ. ते आबांसमोर काय बोलतील ते मला स्पष्ट ऐकू यायला लागलं. मी म्हटलं, साहेब दौऱ्यावर आहेत. आबा म्हणाले, बुधवारी येतो. मी म्हटलं, बुधवारी तपासणी आहे. आबा म्हणाले, गुरुवारी येतो. मी म्हटलं, साहेबांना सर्दी झालीय, लवकर जाईल असं वाटत नाही. आबा म्हणाले, "मंग काढ्याचं सामान घेऊन येतो." आणि फोन ठेवला.

गुरुवारी मी जळगावच्या स्टँडवर उभा. यावलची बस आली. आबा खिडकीपासून दुसऱ्या जागेवर बसलेले, आणि खिडकीशी, टोपी चढवून, हात पोटावर बांधून, एक पांढरा सूट घातलेला गृहस्थ. बस गच्च भरलेली, पण त्या सीटच्या मागेपुढे कोणीही बसलेलं नव्हतं. कंडक्टर तोंडाला रुमाल लावून दारापाशी उभा होता. मला म्हणाला, "पेशंटला सावकाश उतरवा, भाऊ."

"आबा, हे काय?"

"साहेबाले घड आनला. पिकाले लागेल हाये, वाटंत डाग पडू नये." मग आवाज उतरवून, "मी काही बोललो नही कोनाले. लोकायनं आपसूक जागा देली."

रिक्षात घड आमच्या दोघांच्या मध्ये बसला. कंपनीच्या गेटवर वॉचमनने वहीत 'दोन पाहुणे' असं लिहून घेतलं. एरवी मी त्याला झापलं असतं. पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आता पाच मिनिटांत आबांना कळणार, की पोरगा कंपनीत कौतुकाचा नव्हे, हसण्याचा विषय आहे. मला खरोखर घाम फुटला होता, तोही सूट न घालता.

आबांनी घड साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसवला आणि स्वतः उभे राहिले. वाटेत नाना दिसले होते. त्यांनी दारातून डोकं आत घालून पाहिलं आणि मला विचारलं, "भाऊ, भेटी गया ना भाडेकरू?" मी त्यांना डोळ्यांनीच हाकललं.

"साहेब," आबा म्हणाले, "माह्या पोऱ्याचं काम पाहून तुम्ही हे कपडे देल्ले. माहे दोनशे घड वाचले." आणि त्यांनी चेन उघडून आतली पिवळी धमक केळी दाखवली.

साहेबांनी केळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

"आबा, काम पाहून नाही हो," साहेब म्हणाले. "तुमच्या मुलाने माप चुकवलं. कुणालाच होत नव्हते, म्हणून मी घेऊन जा म्हटलं."

आबांनी घडावरचा सूट नीट केला. मग म्हणाले, "मंग साहेब, चुकलेलं माप माह्या घडाले बराबर कसं काय बसलं?"

साहेबांनी एक केळं सोललं. दुसरं सोलताना म्हणाले, "केळी मात्र झकास आहेत." एवढ्यावर भेट संपली.

गेटपर्यंत आबा माझ्या पुढे चालत होते. आयुष्यभर जो माणूस माझ्याविषयी बोलत नव्हता, त्याला बोलण्यासारखं काहीतरी मिळालं होतं आणि तेही आता गेलं. शेवटी मीच म्हटलं, "आबा, चुकलं माझं. मी तुमच्याशी खोटं बोललो."

आबा थांबले. आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

"ते राहू दे. पन गावात याच्यातलं एक अक्षर बोलू नको."

"का?"

"मी साऱ्या गावाले सांगेल हाये, का माह्या पोऱ्यानं सांगतल्याशिवाय कंपनीत कोनी कपडे घालत नही."

मला हसू आलं आणि रडूही. म्हटलं, "हे तुम्ही कधी सांगितलं? व्यापारी आला तेव्हा?"

"तंव्हा कायले?" आबा रिक्षाला हात करत म्हणाले. "तू नोकरीले लागला, तंव्हापासून सांगून राह्यलो."