पाटापलीकडची वस्ती

लग्न होऊन मी नेवासे तालुक्यातल्या या गावात आले, तेव्हा सासूबाई रोज सकाळी किटली घेऊन पाटापलीकडच्या वस्तीवर दूध आणायला जात. दुधाला एवढा वेळ कसा लागतो, असं वाटायचं. पण कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या शिवारात बिबट्या आला. आधी कुत्री नाहीशी झाली, मग शेजाऱ्यांचं वासरू गेलं. वनखात्यानं पिंजरा लावला, पण तो रिकामाच राहिला. उसातून जाताना माणसं मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावू लागली. मी सासूबाईंना म्हटलं, पिशवीचं दूध आणू, तुम्ही जाऊ नका. तेव्हा त्यांनी खरं सांगितलं. वस्तीवर लकव्यानं पडलेली एक बाई होती. तिचा मुलगा पहाटेच टेम्पो घेऊन बाहेर पडायचा. तिचं धुणंपुसणं, कपडे बदलणं, चार घास भरवणं सासूबाई करत. ती ना आमच्या नात्यातली, ना चर्चमधली.

“कुनाला सांगू नको,” त्या म्हणाल्या. “प्रभूला ठावं हाय, तेवढं बास.”

पुढे त्यांना ताप भरला. नवरा साखर कारखान्यात पाळीवर होता. सासूबाई भिंतीला धरून उठू लागल्या, तेव्हा मीच निघाले.

नुकतं उजाडलं होतं. मोबाईलवर चर्चमधलं गीत लावलं. पाट ओलांडला आणि दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस सुरू झाला. वारा नव्हता, तरी एके ठिकाणी पाचट वाजलं. मग बिबट्या वाटेवर आला. मला वाटलं होतं त्याहून अंगानं पुष्कळ लांबलचक होता. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पळाले नाही, कारण पाय हललेच नाहीत. प्रार्थना करावी तर एक शब्द आठवेना. गीत आपलं वाजत होतं. थोड्या वेळानं तो समोरच्या उसात शिरला.

मागे फिरावं असं फार वाटलं. पण ती बाई ओल्या अंथरुणात पडली असेल, हे मनातून जाईना. तो ज्या उसात गेला त्याच्याच कडेनं मी पुढे चालत गेले.

वस्तीवर पोचले तरी हात थरथरत होते. तांब्यातलं पाणी तिच्या पांघरुणावर सांडलं. बाईचं बोलणं जड होतं, पण कळत होतं. तिनं चांगला हात माझ्या हातावर ठेवून विचारलं, “दिसला का?”

मी मान डोलावली.

“तुझी सासू बी आशीच थरथरत येती,” ती म्हणाली.

मी तिला पुसून काढलं, लुगडं बदललं, दूधभाकरी कुस्करून भरवली. परतताना ऊसतोडीच्या बायकांची सोबत मिळाली. घरी आल्यावर सासूबाईंना विचारलं, तुम्हालाही भीती वाटते का?

“लई,” त्या म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या.

त्या बाईच्या टेम्पोवाल्या मुलाकडून आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना हे कळलं. नाताळाच्या कार्यक्रमात सासूबाईंना शाल द्यायचं त्यांनी ठरवलं. सासूबाईंनी त्यांना हात जोडले आणि एवढंच सांगितलं, की माझं नाव घेतलं तर उद्यापासून जाताना मला लाज वाटेल. शालीचं राहून गेलं.

आता आम्ही पाळीपाळीनं जातो. बिबट्या अजून सापडलेला नाही. माझी पाळी असते तेव्हा गजर व्हायच्या आधीच जाग येते. थोडा वेळ मी तशीच पडून राहते. मग उठून चुलीवर पाणी ठेवते.