घोडीने ओळखलेले इंजिन

ती घटना आजही आठवली की अंगावर काटा येतो, आणि मी काही लेचापेचा माणूस नाही. पन्नासच्या दशकात मी कल्याणला रेल्वे पोलिसांत फौजदार होतो.

शर्यतीच्या एका घोडीचा डबा मुंबईहून पुण्याला निघाला होता. कल्याण यार्डात तो दुसऱ्या गाडीला जोडायचा होता. सकाळी पाहतात तो घोडी आत, पण तिची देखभाल करणारा मोतद्दार गायब! चांदीने मढवलेला लगामही गायब. मालकाच्या कारभाऱ्याने फिर्याद दिली. मी पंचनामा केला, घोडीचा डबा चौकशीपुरता यार्डातच थांबवला आणि डायरीत बिनदिक्कत लिहिले, ‘मोतद्दार लगाम घेऊन फरारी.’

दुसऱ्या दिवशी त्याची बायको चौकीच्या दारात येऊन बसली. मूळची साताऱ्याकडची.

“सायेब, माजा धनी घोडीला पाजल्याबिगर सोता पानी पीत न्हाई. त्यो तिला सोडून पळंल व्हय?”

“अहो बाई, सगळ्याच बायका असं म्हणतात,” मी म्हणालो. आज त्याची लाज वाटते.

दुपारी इंजिन शेडमध्ये इंजिने पुसणारा एक म्हातारा खलाशी चोरपावलांनी आला. “साहेब, ती घोडी सगळ्या इंजिनांना गप असते. एक आलं की घामानं न्हाते. मी सांगितलं म्हणू नका हां.”

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तरीही शंटिंगची, म्हणजे यार्डात डबे हलवणारी, तीन इंजिने मी एकेक करून तिच्या डब्यासमोरून न्यायला लावली. ओळख परेडच म्हणा ना! दोन गेली, घोडी गवत चघळत होती. तिसरे अजून लांब होते, शिट्टीसुद्धा झाली नव्हती. तिन्ही सारखीच काळी, सारखीच धूर ओकणारी. पण घोडीचे तोंड थांबले. कान मागे गेले, कातडी थरथरू लागली आणि तिच्या घशातून माणसाच्या हुंदक्यासारखा आवाज निघाला. हे डबे हलवण्याचे काम पाहणारा शंटिंग जमादार शेजारीच उभा होता, तो तिच्याकडे पाठ करून झेंडा गुंडाळू लागला.

मी त्याला हात लावला नाही. एवढेच म्हणालो, “चल, तिला पाणी पाज.”

त्याने झेंडा खाली ठेवला. “तिच्यासमोर नका नेऊ, साहेब. सांगतो सगळं.”

घोड्याच्या डब्यावर खडूने फुली मारलेली असते. असा डबा धक्का देऊन मोकळा सोडायचा नसतो, इंजिनाला जोडूनच हळू न्यायचा. जमादाराने फुली पाहिली होती, पण पाळी संपत आली होती, घाई होती. त्या तिसऱ्या इंजिनाच्या धक्क्याने डबा सुटला, तेव्हा मोतद्दार बादली घेऊन रूळ ओलांडत होता. दोन डब्यांच्या मध्ये चिरडला गेला. घाबरून जमादाराने आणि इंजिनावरच्या माणसाने प्रेत शेडमागच्या राखेत पुरले. आम्ही राख उपसली. लगाम चोरीला जाऊ नये म्हणून मोतद्दाराने तो खांद्याला अडकवला होता. तो तिथेच होता.

घोडीने ते इंजिन कसे ओळखले, मला आजही सांगता येत नाही. आरोपपत्रात मी ते लिहिले नाही. लिहिणार तरी काय, कपाळ? पण त्यानंतर माणसाचा शोध घेतल्याशिवाय ‘फरारी’ हा शब्द मी कधी लिहिला नाही.

बाईला सांगितले तेव्हा ती रडली नाही. “म्हंजी त्यो चोर न्हवता?”

“नव्हता.”

“मंग लिवा तसं.”

डायरीतले खोडता येत नाही. मी खाली नवी नोंद केली आणि तिला वाचून दाखवली. तिने तीनदा वाचायला लावली.